शब्दाची शेपटी

थर्मास भरलेलाच परत आला, तेव्हा तुर्दिसच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

आयलिफ कॉफीवाचून दुपार काढणारा माणूस नव्हता. उभा जन्म त्याने फेरीबोटीच्या सुकाणूपाशी काढला, तो काळ्या कॉफीच्या जोरावर. गेल्या शरदात मेंदूत गुठळी झाली, उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. कॉफीची तलफ मात्र कुठे गेली नव्हती. रोज जेवण झालं की तो टोपी चढवून खाली किनाऱ्यावर, आपल्या होडीघरात जाऊन बसे. तुर्दिस थर्मास भरून द्यायची. आणि आता तो जसाच्या तसा परत! वर स्वेटरला डांबराचा वास. त्यांच्या होडीला यंदा कुणी डांबर लावलेलं नव्हतं. शेजारच्या होडीघरात मात्र बोर्गनी आपली होडी पालथी घालून रोज डांबर फासत होती. बोर्गनी म्हणजे चर्चमागची विधवा, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी.

"दाढी कुणी केली रे तुझी?" तुर्दिसने विचारलं.

आयलिफने स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

"अस्सं! माझ्यासमोर तर वस्तरा धरवत नाही. कुणासाठी एवढा नट्टापट्टा?"

तो नुसता हसला. ते हसू तिला मुळीच आवडलं नाही.

तुर्दिसबद्दल गावात म्हणत, तिला प्रश्न विचारायची गरज नाही, उत्तर आधीच तयार असतं. बाई वाईट नव्हती, पण धीर म्हणाल तर तिच्या वाट्याला देवाने चिमूटभर दिला होता. वाचेचे उपचार करणारी सिल्ये नावाची मुलगी नगरपालिकेकडून यायची. तिने युक्ती शिकवली होती: लांब शब्द तोडून बोलायचा आणि प्रत्येक तुकड्याला मांडीवर एक थाप मारायची. नॉर्वेतले शब्द तरी कसले! दोन-तीन शब्दांचे डबे एकाला एक जोडायचे, आणि वस्तू नेमकी कोणती ते शेवटचा डबा आल्याशिवाय कळायचं नाही. आयलिफ "रेग्न", म्हणजे पाऊस, एवढं म्हणून थाप मारतो न मारतो तोच, "रेनकोट ना? हा घे!" म्हणून तुर्दिस तो त्याच्या अंगावर चढवून मोकळी. त्याला छत्री हवी होती की काय, हे विचारायला तिला सवड कुठली! तो तोंड मिटून घेई आणि रेनकोट घालून मुकाट बसे. असं करता करता वसंत आला तोवर त्याने घरात बोलणंच टाकलं. तुर्दिसने देवाला बोल लावला आणि सगळ्यांना सांगून टाकलं, "संपलं त्याचं बोलणं."

आणि आता हा डांबराचा वास.

एका दुपारी त्याचे हातमोजे घरीच राहिल्याचं निमित्त तिला पुरलं. ती किनाऱ्यावर उतरली. त्यांचं होडीघर रिकामं. शेजारच्या होडीघराचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून आवाज येत होता. आयलिफचा आवाज! धुक्यात अडकलेल्या बोटीची जुनी हकीकत तो सांगत होता. अडखळत, मांडीवर थापा मारत, मध्येच बराच वेळ थांबत; पण शब्द पुरे होत होते. आणि तो हसत होता.

तुर्दिसच्या पायाखालची वाळू सरकली. माझा नवरा माझ्यापासून बोलणं लपवतो आणि या बाईला नेऊन देतो! तिने दार धाडकन उघडलं.

बोर्गनी डांबराचा ब्रश घेऊन होडीपाशी ओणवी होती. आयलिफ खोक्यावर बसला होता, शेजारी बोर्गनीच्या कॉफीचा कप.

"वा रे वा! इथे बरी जीभ चालते! घरी मुका आणि इथे पोपट?"

"तू..." आयलिफने थाप मारली. "तू... माझ्या..."

"मी तुझ्या काय? तुझ्यासाठी काय करायचं बाकी ठेवलं? जेवू घातलं, अंघोळी घातल्या..."

आयलिफने तोंड मिटलं. घरी मिटायचा, अगदी तसंच.

"अगं तुर्दिस," बोर्गनी ब्रश न थांबवता म्हणाली, "तो बोलत होता."

"मग बोलू दे की! मी काय तोंड दाबून धरलंय त्याचं?"

आयलिफ खोक्यावरून उठला. एका पायावर भार देत तिच्यापाशी आला आणि डावा हात त्याने तिच्या तोंडावर ठेवला. हळूच, पण घट्ट. हाताला डांबराचा वास होता.

"माझ्या... शब्दाची... शेपटी..." तो थांबला. ती हाताआड धुसफुसत होती. "तू... खातेस."

तुर्दिसने त्याचा हात बाजूला सारला. तिने हातमोजे खोक्यावर टाकले आणि घराकडे निघाली. चढावर तिला रडू आलं. रागाचं की लाजेचं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण शंका काही गेली नव्हती. शेपटी खाते म्हणे! त्यासाठी रोज त्या बाईची कॉफी प्यायला जायचं असतं?

दुसऱ्या दिवशी न्याहारीला ती दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसली. समोर पाव, लोणी, तपकिरी चीज.

"ओस्ते..." आयलिफ म्हणाला. चीज. दोन थापा. मग गाडी अडली.

चीज कापायची पट्टी तिच्या ताटाशेजारीच होती. तिच्या हाताला मांडीखाली मुंग्या आल्या. कॉफी निवली. खिडकीबाहेर फेरीबोट धक्क्याला लागून परतही निघाली.

"...होवेल." आणखी दोन थापा.

तिने पट्टी पुढे सरकवली. त्याने चीज कापलं, पावावर ठेवलं, आणि मग आपण होऊन बोलायला लागला.

"बोर्गनीची... कॉफी..."

तुर्दिसच्या मनात पुढचे शब्द तयार होते. छान असते, हेच ना? फक्कड असते? तिने दात ओठांवर रोवले.

"...ऑप," पहिली थाप. "वास्क." दुसरी. "वान."

भांडी विसळलेलं पाणी!

तुर्दिस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तोही हसला. हसणं ओसरल्यावर तिने त्याच्या कपात ताजी कॉफी ओतली आणि विचारलं, "मग मेल्या, रोज तेच कशाला प्यायला जायचास?"

त्याचे ओठ हलू लागले. उत्तर तिला ठाऊक होतं, अगदी जिभेच्या टोकावर होतं. तिने हात पुन्हा मांड्यांखाली घातले आणि वाट पाहत बसली.