यंदाचा पेसहा माझ्या घरी

धाकट्या जावेच्या, फिलोच्या घरात मयत झालं तेव्हा मी रडले. खरंच रडले, सगळ्या पंचक्रोशीनं पाहिलंय. मरियाम आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. बिनलग्नाची, उभा जन्म त्याच घरात गेलेला, आणि त्या घरात माझ्या बाजूनं कधीमधी बोलणारी एकटीच बाई. पण तिला माती देऊन परत येताना, रबराच्या बागेतून उतरता उतरता, डोळे पुसत असतानाच मनात आलं, म्हणजे यंदा पेसहाचा अप्पम फिलोच्या घरी होणार नाही. आलं मनात. मी काही मुद्दाम आणलं नव्हतं.

आमच्यात तशी रीतच आहे. वर्षाच्या आत ज्या घरातून शवपेटी निघाली, त्या घरात पेसहाच्या गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, अप्पम वाफवायचा नाही. त्यांना बाहेरून यायचा. फिलोचं घर बाद झालं, मग राहिलं कोण? मी. थोरली सून. पाला गावच्या या रस्त्यावर, नदीच्या अलीकडे, तेच आडनाव लावणारं दुसरं घर माझंच.

तुम्ही म्हणाल, या अच्चम्मेच्या, म्हणजे माझ्या, पोटात दुखतं. दुखतं! का दुखू नये? आमच्यात जुनं घर धाकट्या मुलाला जातं. घर गेलं ते गेलं, मी कधी हूं की चूं केलं नाही. पण घराबरोबर आईबाप जातात, आणि आईबापांबरोबर वर्षाचे सगळे सण. ते कुणी सांगितलं होतं मला लग्नात? नाताळचा गोठा तिकडे. कॅरल गाणारी पोरं माझ्या फाटकापाशी एक कडवं म्हणतात आणि तिकडे तासभर नाचतात, कारण तिकडे केक मिळतो. सेंट सेबॅस्टियनच्या जत्रेची मिरवणूक निघाली की चेंडेवाले, आमच्याकडचे ढोलवाले, माझ्या दारावरून ढांगा टाकत जातात आणि फिलोच्या अंगणात घाम फुटेस्तोवर बडवतात. ओणमचं पान तिकडे. ईस्टरला पन्नास दिवसांचा उपास सोडायचा तोही तिकडे. माझ्या पोटच्या पोरीचं पहिलं कम्युनियन, त्याचे फोटोसुद्धा फिलोच्या पायऱ्यांवर काढलेले.

आणि मी? मी माझं पातेलं घेऊन जाते. बदकाचं मटण माझ्यासारखं अख्ख्या वाडीत कुणाला जमत नाही. पण तिथं पोचले की फिलो झाकण उघडणार, चमच्याच्या टोकानं चाखणार आणि म्हणणार, "मस्तच हं चेडत्ती! मी आपली वरून जरा मिरी टाकते." थोरली जाऊ म्हणून मला चेडत्ती म्हणते, मान देते, आणि मिरी टाकते. मग जेवताना सगळे म्हणणार, फिलो, बदक काय झालंय! तिनं एकदा तरी म्हणावं, अहो, हे चेडत्तीनं केलंय. म्हणते कधी कधी, नाही असं नाही. पण तेव्हा कुणी ऐकत नसतं.

बरं, दर सणाला काहीतरी नवं. एकदा झुंबर. एकदा काचेची ताटं. गेल्या पेसहाला पडदे, पिवळ्या फुलांचे, खाली झालर. आमचे हे म्हणाले, "पडद्यांकडे काय बघतेस?" मी म्हटलं, "बघू नये म्हणून टांगलेत का?"

माझी दोन्ही मुलं परदेशात, आयर्लंडमध्ये. मोठ्ठं घर बांधलंय, हॉलमध्ये बारा जणांचं टेबल आहे, आणि त्यावर आम्ही दोघं एका कोपऱ्यात भात खातो. त्या टेबलावर एकदा, फक्त एकदा, अप्पच्चननी म्हणजे सासऱ्यांनी पेसहाचा अप्पम मोडावा आणि सगळ्यांना आपल्या हातानं वाटावा, एवढंच मला हवं होतं. सोनं मागितलं नव्हतं मी.

झावळ्यांच्या रविवारी चर्चबाहेर मी अप्पच्चनना गाठलं. हातात ती कोवळी पिवळी झावळी घेऊन उभे होते. आता चेहरा पार सुरकुतलाय, पण ताठ. मी म्हटलं, "अप्पच्चा, यंदा पेसहा आमच्याकडे हं."

"हो, यंदा अप्पम तूच करणार," ते म्हणाले. "कर, नीट कर." आणि आपल्या हातातली झावळी मला दिली. अप्पमवरचा क्रूस करायला. आजवर ती झावळी फिलोकडेच जायची. मी ती घरी आणून येशूच्या तसबिरीमागे खोचली आणि चार दिवस येता जाता बघत राहिले.

गुरुवारी सकाळपासून मी कंबर कसली. नवं भांडं आणलं. तांदूळ, उडीद, नारळ, छोटे कांदे, जिरं, सगळं स्वतः वाटलं. यात ताडी नाही, खमीर नाही, पीठ जरा जास्त वेळ राहिलं तर आंबतं आणि मग ते पेसहाचं राहत नाही. म्हणून वाटल्या वाटल्या वाफेवर चढवायचं. वर झावळीचा क्रूस ठेवला. गूळ आणि नारळाच्या दुधाचं पाल उकळलं, सुंठ घातली. टेबलावर पांढरी चादर. नऊ ताटं मांडली, त्यातली दोन परदेशातल्या मुलांच्या नावाची. डोक्याशी अप्पच्चनची खुर्ची, तिच्यावर उशी, कारण त्यांची पाठ दुखते.

दुपारी फोन वाजला. फिलो.

"चेडत्ती, अप्पच्चन म्हणतायत, अप्पम झाला की इकडे पाठवा. भावजींना घेऊन तुम्हीपण या."

"इकडे म्हणजे कुठे?"

"आमच्याकडे. अहो, आम्ही सुतकातली माणसं. दुसऱ्याच्या दारी अप्पम खायला कसे जाणार? तो इकडेच यायला हवा ना."

मी फोन आपटला. आमचे हे, कुरियाच्चन, पेपर वाचत होते. "झालं का समाधान?" मी म्हटलं. "मी वाटायचं, मी वाफवायचं, आणि खायचं तिच्या झुंबराखाली! पडदे बघत!"

"अगं, रीत आहे ती."

"रीत! सगळ्या रिती बऱ्या फिलोच्या बाजूच्या निघतात. घर तिचं रीत म्हणून. सण तिचे रीत म्हणून. आता तिच्या घरात माणूस मेलं तरी सण तिच्याचकडे, तेही रीत म्हणून!"

त्यांनी पेपर घडी करून ठेवला. चर्चला जाऊन आलो. फादरनी या दिवसाच्या रीतीप्रमाणे बारा जणांचे पाय धुतले, कुणाचे ते मी बघितलंसुद्धा नाही. घरी येऊन खिडकीत उभी राहिले. समोरून माणसं फिलोच्या घराकडे चाललेली. केळीच्या पानात गुंडाळलेले अप्पम घेऊन. शेजारच्या पुन्नूसची बायको, कोपऱ्यावरचा टेलर, चर्चची स्वयंपाकीण. जो तो तिच्याच दारी. सुतकातसुद्धा बाई मिरवते म्हणजे बघा.

अंधारायला लागलं. मी अप्पम टेबलावर आणून ठेवला. गोल, पांढरा, कुठे चीर नाही, वर क्रूस. इतका सुरेख फिलोचा एकदाही झाला नव्हता.

"चल," हे म्हणाले, "डब्यात घालू. निघूया."

"मोडा."

"काय?"

"इथं मोडा. या घराचे कर्ते तुम्ही आहात की नाही?"

"अप्पच्चन जिवंत असताना मी मोडू? वेड लागलंय का तुला?"

"मग काय करायचं? फिलोला नेऊन द्यायचा, वरून मिरी टाकायला? जन्मभर तिथं कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलात तुम्ही. थोरले असून. आज एक दिवस आपल्या घरात आपल्या खुर्चीत बसा." मी रडत होते, रागानं. "नाहीतर मी हा उचलून नदीत टाकते."

नसता टाकला. पण ते घाबरले. प्रार्थना म्हटली, क्रूस बाजूला काढला आणि अप्पम मोडला. एक तुकडा मला दिला, एक स्वतः घेतला. सात ताटं रिकामी.

तेवढ्यात पायऱ्यांवर चपला वाजल्या. फिलो दारात. धापा टाकत.

"चेडत्ती, बरं नाहीये का? किती वेळ झाला! टेबलावर अकरा घरचे अप्पम येऊन पडलेत, अप्पच्चन एकालाही हात लावत नाहीत. पोरींच्या पोटात कावळे ओरडतायत. म्हणतात, मोठ्याच्या घरचा आल्याशिवाय मोडायचा..."

तिची नजर टेबलावर गेली.

मोडलेला पेसहा उंबऱ्याबाहेर जात नाही. ज्या घरात मोडला, त्याच घरात संपवायचा. हे तिला माहीत, मला माहीत, लहान पोराला माहीत. वर्षातून एकदाच होतो, क्रूस एकच, झावळी एकच. दुसरा करता येत नाही.

तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी तयार होते. ती फक्त म्हणाली, "मोडलात?"

"मोडला."

"मी त्यांना काय सांगू?"

"सांग, मोडला म्हणून."

तिनं फोन लावला, नवऱ्याला सांगितलं. हळू आवाजात. मग भिंतीला टेकून उभी राहिली. मी बस म्हटलं नाही, ती बसली नाही. आमचे हे दोन्ही हात टेबलावर ठेवून तुकड्यांकडे बघत होते.

थोड्या वेळानं उतारावर जीप आली. फाटकाशी थांबली. धाकटा दीर तोम्मी उतरला, मागून त्याच्या दोन पोरी, आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून अप्पच्चन. सुतकाचं घर सोडून अप्पच्चन पेसहाच्या दिवशी माझ्या पायऱ्या चढत होते. मी धावत जाऊन डोक्याशी असलेली खुर्ची मागे ओढली, उशी नीट केली.

"अप्पच्चा, इथं बसा."

त्यांनी खुर्चीकडे बघितलं. "ती मोडणाऱ्याची," ते म्हणाले, आणि बाजूच्या बाकावर बसले. पाठीला टेकाही नव्हता. मग आमच्या ह्यांना म्हणाले, "कुरियाच्चा, उठतोस कशाला? बस. मोडलायस ना, मग वाट. आधी मोठ्याला द्यायचा असतो."

आणि दोन्ही तळवे जोडून पुढे केले.

आमच्या ह्यांनी तुकडा पालमध्ये बुडवून त्या तळव्यांवर ठेवला. अप्पच्चननी तो घेतला, कपाळाला लावला आणि सावकाश खाल्ला. तळव्यावर राहिलेला कणसुद्धा जिभेनं टिपला. आमचे हे रडत होते, या वयात, पोरींच्या देखत. मग त्यांनी तोम्मीला दिला, फिलोला दिला, पोरींना दिला. नऊ ताटांतली सात लागली. टेबल भरलं होतं. मला हवं होतं तसं अगदी.

"चांगला झालाय," अप्पच्चन मला म्हणाले. "मऊ झालाय. आता दर वर्षी इथेच करा. मोडणारा हात या घरात आलाय, आता तो मागे नेता येत नाही. मी येत जाईन खायला."

झालं. पेसहा माझा. कुणी हिसकावून घेणार नव्हतं. मी फिलोकडे बघितलं, कारण आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच होता. तिनं जळावं, तिचा चेहरा उतरावा, ते मला बघायचं होतं.

ती उठली होती. रिकामं पालचं भांडं घेऊन माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. नळ सोडला, भांडं धरलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "चेडत्ती, म्हणजे गेल्या वर्षी अप्पच्चनच्या हातचा खाल्ला, तो शेवटचाच. कुणाला माहीत होतं?"

बाहेर अप्पच्चन काहीतरी बोलत होते आणि पोरी हसत होत्या. मी ओट्याला धरून उभी राहिले. गेल्या वर्षी. तिच्या टेबलाशी, स्टुलावर. अप्पच्चन माझ्यापर्यंत आले असणार. अच्चम्मे, घे म्हणाले असणार. मी तळवे पुढे केले असणार, त्यांनी तुकडा ठेवला असणार. मी आठवायचा किती प्रयत्न केला. अजून करते आहे.

मला पडदे आठवतात. पिवळी फुलं, खाली झालर.