सावधान उभा राहा

“बघा याच्या चेहऱ्याकडे! जोडीदाराचा जीव घेतला, आणि डोळ्यांत टिपूस तरी आहे का?”

सरकारी बाजूच्या मेजरसाहेबांनी आरोपीकडे बोट दाखवलं आणि मागच्या बाकावरच्या कवायतमास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. आरोपी लष्करी ट्रकचा ड्रायव्हर. वळणावर ट्रक उलटला, शेजारी बसलेला सोबती जागीच गेला. भरधाव चालवल्याची चूक यानं पहिल्याच दिवशी कबूल केली होती. वाद उरला होता तो फक्त शिक्षेचा, दोन वर्षं की दहा.

भरती झाला तेव्हा त्याला ताठ उभं राहायला कवायतमास्तरांनीच शिकवलं होतं, आणि आता कोठडीवर पहाराही त्यांचाच. काल मेजरसाहेब कोठडीत आले तेव्हा हा भिंतीला डोकं टेकून ढसाढसा रडत होता.

“काय द्यायची ती शिक्षा द्या, साहेब. पण एकदा त्याच्या आईचे पाय धरू द्या.”

मेजरसाहेबांनी मायेनं खांद्यावर हात ठेवला. “कोर्टात असा रडलास तर नाटक वाटेल रे. सावधान उभा राहा. हूं की चूं करू नकोस.”

“साहेब तुझ्या भल्याचंच सांगतायत,” कवायतमास्तरांनी री ओढली होती.

असलं भलं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

“दगड आहे हा, दगड!” मेजरसाहेब न्यायासनावरच्या अधिकाऱ्यांना सांगत होते. “याला कसली दया दाखवायची?”

आरोपी तसाच ताठ. हनुवटी वर, नजर समोर.

कवायतमास्तर उठले. उभ्या नोकरीत वरिष्ठांपुढे न विचारता तोंड उघडायची ही पहिलीच वेळ. “काल तुमच्यासमोरच रडला की हा, साहेब! तुम्हीच म्हणालात, सावधान उभा राहा.”

मेजरसाहेब कागद चाळू लागले. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. “गप्प बसा! बाहेर काढा यांना.”

“जातो, साहेब.” आणि जाता जाता त्यांनी मैदानावरच्या खणखणीत आवाजात हुकूम सोडला, “विश्राम!”

आरोपीचा पाय आपसूक बाजूला सरकला. खांदे सैल पडले, मग गुडघे. कठडा धरून तो खाली बसला आणि त्याला हुंदका फुटला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली. तेवढ्यात दार बंद झालं.

बाहेर पहारेकऱ्यानं कवायतमास्तरांना अटकेत घेऊन त्यांचा पट्टा काढून घेतला. आत अध्यक्षांनी बजावलं होतं, मधला प्रकार विचारात घेऊ नये. कुणी घेतलाही नाही. शिक्षा दहा वर्षांचीच झाली.

ड्रायव्हरला बाहेर आणलं तेव्हा तो कवायतमास्तरांपुढे थांबला. डोळे सुजलेले होते.

“मास्तर, त्याच्या आईनं मला पाणी पाजलं,” तो म्हणाला.

कवायतमास्तरांनी नुसती मान हलवली. पहारेकरी त्याला घेऊन जिना उतरू लागले.