नियमातला एक शब्द

माझ्या मावशीची पहिली नोकरी सरकारी नियमन कार्यालयात होती. रंगाच्या कारखान्यांनी नदीत पाणी कसं सोडावं, याचे नियम ती लिहायची. टेबलाशेजारच्या खिडकीतून नदी दिसे. सकाळी जांभळी, दुपारी गर्द हिरवी, कधी अर्धी-अर्धी. मावशीला त्या रंगांची भूल पडायची. समोर मसुदा उघडा, आणि ही आपली बघत बसलेली.

"बाई, नदी कुठं पळून जात नाही," साहेब म्हणायचे, "आधी कागद पुरा करा."

कागदात होतं: 'कारखान्याने पाणी शुद्ध करूनच सोडावे.' कारखानदारांनी आकांडतांडव केलं. तेव्हा साहेबांनी तडजोड म्हणून एक शब्द वाढवायला सांगितला: 'शक्यतो'. मावशीनं तो स्वतःच्या हातानं समासात लिहिला. एवढ्याशा शब्दानं काय बिघडणार, असं तिला वाटलं.

काही वर्षांनी तिनं नोकरी सोडून खासगी वकिली सुरू केली. नाव झालं. मग एक कारखानदार तिच्याकडे आला. नदीच्या खालच्या अंगाला एका बाईची लाँड्री होती. तिच्या पांढऱ्या चादरी धुतल्या की पोपटी व्हायच्या. तिनं कारखान्यावर दावा लावला होता.

मावशी उभी राहिली आणि म्हणाली, "नियमात 'शक्यतो' आहे. माझ्या अशिलाला ते शक्य नव्हतं."

पाच मिनिटांत निकाल लागला. बाहेर पायऱ्यांवर लाँड्रीवाली भेटली. चिडलेली नव्हती.

"छान बोलता हो तुम्ही," ती म्हणाली. "पण माझ्या चादरींना हे कोण समजावणार?"

त्यानंतर कितीतरी दिवस मावशीला कोर्टात बसल्या बसल्या छताखाली दोऱ्या बांधलेल्या दिसत. त्यांवर पोपटी, जांभळ्या चादरी, वारा नसताना हलणाऱ्या. न्यायाधीश काय विचारतायत हे तिला ऐकूच येत नसे. शेवटी तिनं वकिली आवरती घेतली आणि विद्यापीठात कायदा शिकवू लागली. शिकवता शिकवता कुलगुरू झाली.

कुलगुरू झाल्यावर महिनाभरानं ती रसायनशास्त्राची प्रयोगशाळा बघायला गेली. मागच्या भिंतीतून एक नळी थेट नदीकडे गेलेली.

"कारखान्यांचाच नियम आपल्यालाही लागू आहे, त्यात बसतं, मॅडम," विभागप्रमुख बिनधास्त म्हणाले. "'शक्यतो' आहे ना त्यात!"

मावशी आधी हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. विभागप्रमुख बिचारे गांगरून गेले.

पाणी शुद्ध करायची टाकी होईपर्यंत तिनं प्रयोगशाळा बंद ठेवली. प्राध्यापक संतापले, विद्यार्थ्यांनी दारात ठाण मांडलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तो शब्द काढावा असा अर्ज घेऊन ती जुन्या कार्यालयात गेली. तिथं आता एक तरुण अधिकारी बाई होती. तिनं जुनी फाईल काढली.

"समासातलं हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"आणि लाँड्रीच्या दाव्यात कारखान्याचे वकील?"

"तीही मीच."

"मग आज कुणाच्या बाजूनं आलात?"

मावशी मला म्हणाली, "अगं, जन्मभर बोलण्यावर जगले, आणि तिथं एका प्रश्नाला दोन उत्तरं दिली. आधी म्हटलं, विद्यापीठाच्या. मग म्हटलं, नाही, लाँड्रीवालीच्या."

दोन वर्षांनी तो शब्द निघाला. तोवर मावशी निवृत्त झाली होती. लाँड्री कधीच बंद पडली होती. शोधत शोधत ती लाँड्रीवालीच्या लेकीच्या घरी पोचली. लाँड्रीवाली आता तिथंच राहत होती. म्हातारीनं तिला ओळखलं नाही. सगळं ऐकून "बरं झालं" एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला उठली. मग गुडघेदुखी, नातवंडं, घरातली ओल अशा गप्पांत दुपार कशी गेली ते दोघींनाही कळलं नाही.

"माफी मागायची राहूनच गेली बघ," घरी आल्यावर मावशी म्हणाली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली, आणि माफी मागून आली.