फाटका कान

खुशालराव म्हंजे माहा नवरा. जन्मभर मी त्याईचं नाव घेतलं नाही. आता कागदावरच छापलं, तं लाज कायची? त्याईले विसराची बिमारी लागली होती. अमरावतीच्या स्टँडवर मी पान्याची बाटली घ्याले वळली, तं इकडे हे गायब.

लोकं म्हनतात, वच्छलाबाई रडत काहून नाही. आता काय सांगू? रडूच येत नाही. भाकर चावली तं कागद चावल्यावानी लागते, बस.

हिवरखेडले घरी आलो अन् 'हरवले आहेत' म्हून कागद छापाचं ठरलं. पोरीनं, रागिणीनं, मजकूर लिहाले घेतला. उंची लिहिली, धोतर-बंडी लिहिली, माहं नाव अन् नंबर लिहिला. "डावा कान फाटका, हे लिहू का?" तिनं विचारलं.

लहानपनी त्याईच्या कानातली बाळी गोऱ्ह्याच्या दाव्यात अडकली अन् कानाची पाळी खालून चिरली. गावानं कानफाट्या नाव ठेवलं. त्या नावानं कोनी हाक मारली का हे दगडच उचलत.

"नको लिहू," मी म्हटलं. "फोटोत दिसतेच."

फोटो एकच धड होता, पुतनीच्या लग्नातला. तोबी या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरून पार बिघडलेला. रागिणीनं बापाले मांडवातून कापून काढलं, मोठं केलं, तं कड सारी पायऱ्या-पायऱ्यांची, उंदरानं कुरतडल्यावानी. माहे दीर पंजाबभाऊजी भडकलेच. "असा फोटो चौकात लावता? माहा भाऊ काय भिकारी हाये?"

रागिणी अकोल्यात कम्प्युटरचं काम करते. तिनं लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली, इंग्रजीत एक ओळ लिहिली अन् बटन दाबलं. म्हने, "ही ओळ फोटोची कड आधी पुसट करते, मंग पुन्हा घट्ट करते. बारीक खाचा भरून जातात."

खरंच, मानूस साजरा निघाला. खांदे गुळगुळीत, टोपी गोल. भाऊजी खूश. मीबी म्हटलं, साजरे दिसतात. नुसतं डोळ्यानं पाहिलं. डोकं कुठं ठिकानावर होतं!

अकोला, अमरावती, अचलपूर, परतवाडा, साऱ्या स्टँडवर कागद लागले. फोन काही येईना. मी आपली गहू निवडत बसे. निवडलेलेच पुन्हा निवडत.

आज दुपारी फोन वाजला. परतवाड्याच्या स्टँडवरचा चहावाला होता.

"बाई, एक म्हातारा माह्या टपरीवर येऊन बसे, तुमच्या कागदाखालीच. मी चहा पाजो त्याले. लय वाटलं मले, थोच हाये. पन त्याचा कान फाटका, अन् फोटोतला साबूत. म्हून फोन नाही केला. आता गाडीत चढता चढता मले म्हने, वच्छलाले सांगजो, जेवाले थांबू नको. तवा मी खालचं नाव वाचलं."

"कोनती गाडी?"

"पाटी नाही पाहिली, बाई. मांगं धावलो. गेली."

"बरं," मी म्हटलं. भाऊजीले सांगितलं, ते तसेच मोटरसायकल काढून निघाले. मले काहीच झालं नाही. उरलेला गठ्ठा घेतला, कात्री घेतली, अन् एकेका फोटोच्या डाव्या कानाले चीर देत बसली.

रागिणी चहा घेऊन आली. पाहत राहिली. मंग एक कागद उचलला, नीट पाहिला अन् साबूत कानावर बोट ठेवलं. "आई, मीच बुजवला."

"तू बुजवला, अन् साजरा आमी म्हटलं. रड, बाई. माह्या वाट्याचंबी रड."

ती काही रडली नाही. लॅपटॉप ओढला, जुना फोटो लावला, कुरतडलेली कड तशीच ठेवली. खाली लिहिलं, डावा कान फाटका. अन् बोटं थांबली.

"आई, बाबा चिडतीन."

"चिडू दे," मी म्हटलं. "चिडाले तरी घरी येतीन."