थोरली, धाकटी आणि हरवलेले बत्तीस

"धाकटी आणि मी, दोघी एकदम पाण्यात पडलो, तर तू आधी कोणाला बाहेर काढशील?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. एक शिडी, म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी, आणि दुसरी रेडिओ, म्हणजे जिला बंद करायचं बटणच नाही अशी. दोघींचं म्हणणं होतं की भर सभागृहात, सगळ्या शाळेसमोर, खुद्द पाहुण्यांना हे विचारायची तुझी काही छाती नाही. असं कोणी म्हटल्यावर गप्प बसणाऱ्यांतली ती मुलगी नव्हती. ती उठली आणि खणखणीत आवाजात विचारून मोकळी झाली.

व्यासपीठावरच्या पाहुण्या म्हणजे तिची आई.

दुसऱ्या कोणाची आई असती तर "वेडी कुठली" म्हणून हसली असती आणि विषय संपला असता. हिच्या आईने मात्र हातातला खडू खाली ठेवला आणि खरोखर विचार करायला घेतला. पाणी किती खोल आहे, असंही विचारलं. मग म्हणाली, "धाकटीला. एवढंसं पाणी लागलं तरी तिचे व्हॉल्व्ह तडकतील. तुला पोहता येतं."

सभागृह हसून हसून आडवं झालं. मुख्याध्यापिकासुद्धा रुमालाआड हसल्या. पैज जिंकूनही तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. शिडी म्हणाली, मानलं तुला. रेडिओ म्हणाली, पण उत्तर काय भारी दिलं गं तुझ्या आईने, आणि हे तिने घरी पोचेपर्यंत सतरा वेळा म्हटलं.

आता ही धाकटी कोण, तर एक यंत्र. आकडेमोड करणारं, विजेवर चालणारं, भिंतीएवढं यंत्र. आई लहानपणी मुलीसारखीच वर्गात बडबडी होती म्हणे, पण शाळा सुटली की आपल्या वडिलांच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायची आणि तिथे मात्र चिडीचूप. युद्धात तिने सैन्याचे वायरलेस दुरुस्त केले. युद्ध संपल्यावर तेच वायरलेस भंगारात निघाले, तेव्हा तिने त्यातले व्हॉल्व्ह, म्हणजे बल्बसारखे काचेचे दिवे, पोत्यांनी उचलून आणले आणि ती काम करायची त्या संशोधन संस्थेच्या संचालकांना सांगितलं की यातून मी हिशेब करणारं यंत्र बनवते. संचालक म्हणाले, बाई, हिशेबाला कारकून आहेत. तरी तिने बनवलं. ज्या संध्याकाळी त्या यंत्राने पहिली बेरीज बरोबर केली, त्या संध्याकाळी आई दारातच चपला न काढता उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "अहो, बोलली." बाबा म्हणाले, अभिनंदन, आपल्याला दुसरी मुलगी झाली. झालं. त्या दिवसापासून यंत्र धाकटी आणि घरातली एकुलती एक, लाडाची, शेंडेफळ म्हणवणारी मुलगी बसल्या जागी थोरली झाली. तिला कोणी विचारलंही नाही.

बरं, नुसतं नाव असतं तर सोडून दिलं असतं. पण धाकटीचे लाड काय वर्णावेत. धाकटीला उकडतं म्हणून तिच्या खोलीत पंखे. धाकटीला धूळ चालत नाही म्हणून खोलीबाहेर चपलांची रांग. दातांचे डॉक्टर असलेले बाबासुद्धा फितूर झाले. त्यांनी दाढांच्या मागे बघायचा आपला चिमुकला आरसा आईला देऊन टाकला, का तर तिला धाकटीच्या तारांच्या मागचे जोड दिसावेत. आणि कळस म्हणजे वर्तमानपत्रातला फोटो. आई भिंतीएवढ्या धाकटीवर हात ठेवून उभी, आणि खाली छापलं होतं, 'संशोधक बाई आपल्या अपत्यासह'. रेडिओने तो कापून वर्गाच्या फळ्यावर चिकटवला होता. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आईने आपल्यावर हात ठेवून शेवटचा फोटो कधी काढला, ते तिला आठवेना.

इतके दिवस तिने संस्थेत पाऊल टाकलं नव्हतं. आई दर सुट्टीत म्हणायची, एकदा ये तरी, आणि दर सुट्टीत हिचं डोकं नेमकं दुखायचं. पण सभागृहातल्या फजितीनंतर शिडीने मुद्द्याचं सांगितलं. म्हणाली, जिच्यावर एवढी जळतेस तिचं तोंड तरी बघून ये, न बघता कसलं भांडायचं. ते तिला पटलं. सुट्टीच्या दिवशी ती आईच्या मागोमाग निघाली, मनात एकच हेतू धरून. धाकटीत खोट काढायची.

खोली तिला वाटली होती तशी नव्हती. काहीतरी चकचकीत असेल असं तिला वाटलं होतं, आणि इथे लोखंडी मांडण्यांवर रांगांनी व्हॉल्व्ह बसवलेले, प्रत्येकाच्या पोटात नारिंगी निखारा, आणि मागे तारांचा असा गुंता की वेणी घालायला सात बायका लागाव्यात. वास गरम धुळीचा. एका कोपऱ्यातून जुन्या रेडिओचा भोंगा लोंबत होता आणि त्यातून सारखा घुर्र, टिर्र, घुर्र असा आवाज येत होता. सोल्डरकाकांनी, म्हणजे आईच्या हाताखाली तारा जोडणाऱ्या गृहस्थांनी तिला समजावलं, की हा धाकटीचा आवाज. कुठलं काम चाललंय, ते अडलंय की सुरळीत आहे, हे बाई नुसतं ऐकून सांगतात.

थोरलीने आईकडे बघितलं. आई हातातली पेन्सिल उलटी धरून, मागच्या खोडरबराने एकेका व्हॉल्व्हला हलकी टिचकी मारत रांगेने चालली होती. मान कलती, डोळे अर्धे मिटलेले, सगळं लक्ष भोंग्याकडे. कुठे आवाज जरा चिरकला की थांबायची आणि हळूच विचारायची, "काय गं, काय होतंय?"

हे मात्र थोरलीला सहन झालं नाही. घरी ती तास तास बोलायची आणि आई हं, हं करत डाळ ढवळायची. आणि इथे हे कपाट नुसतं चिरकलं तरी काय गं, काय होतंय.

आईने तिला काम दिलं. एकपासून वीसपर्यंतच्या आकड्यांचे वर्ग धाकटीकडून काढून घ्यायचे. कागदाच्या लांब फितीला यंत्राने भोकं पाडायची, कुठे भोक आणि कुठे कोरं, यावरून धाकटीला कळतं काय करायचं ते. आईने एकदा करून दाखवलं आणि गेली. थोरलीने मान मोडून फीत तयार केली, भोकन्‌भोक तपासलं, पुन्हा तपासलं आणि ती वाचणाऱ्या यंत्रात घातली. भोंग्याने तान घेतली. छापणारं यंत्र खडखडलं.

पाचपर्यंत सगळं छान. मग सहाचा वर्ग छापून आला चार. सातचा सतरा. आठचा बरोबर, नऊचा बरोबर, आणि दहाचा वर्ग अडुसष्ट.

थोरलीला काय आनंद झाला म्हणून सांगू. कागद नाचवतच ती आईकडे गेली आणि तुझी धाकटी साधे पाढे चुकते म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आईने मान वर केली नाही.

"तुझी फीत तपास."

"तपासली. दोनदा."

"मग तिसऱ्यांदा."

सोल्डरकाकांनी मध्ये पडून तिला इथला कायदा सांगितला. उत्तर चुकलं की तीच फीत पुन्हा चालवायची. धाकटी आजारी असेल तर दर वेळी वेगळं काहीतरी बरळते. पण दोन्ही वेळा चूक तीच आली, तर समजायचं की धाकटी ठणठणीत आहे आणि गाढवपणा फीत करणाऱ्याचा. इथल्या मोठमोठ्या लोकांनीसुद्धा या कायद्यापुढे कान पकडले होते.

फीत पुन्हा चालवली. सहाचा वर्ग चार. सातचा सतरा. दहाचा अडुसष्ट.

आईने दोन्ही कागद शेजारी धरले, सारखे आहेत एवढंच बघितलं आणि परत दिले. वाईट काही बोलली नाही. म्हणाली, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं. त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं. दोन मुलींमध्ये भांडण झालं, आणि आईने धाकटीचं खरं मानलं. पण रडायला ती काही धाकटी नव्हती. ती खिडकीशी जाऊन बसली आणि कागदावर दात ओठ खात एकेका चुकीचं माप काढायला लागली.

छत्तीसच्या जागी चार. बत्तीस कमी. एकोणपन्नासच्या जागी सतरा. बत्तीस कमी. शंभरच्या जागी अडुसष्ट, पुन्हा बत्तीसच कमी. पुढे अकराचा, तेराचा, पंधराचा, सतराचा, एकोणिसाचा, जिथे चूक तिथे बत्तीस. आणि तिच्या फितीत शोधूनही बत्तीस कुठे नव्हते.

या वेळी ती नाचत गेली नाही. आईसमोर कागद ठेवला आणि म्हणाली, "आई, मी जर गाढवपणा केला असता तर तो असा नीटनेटका झाला नसता. तू मला ओळखतेस."

आई हसणार होती, पण तिची नजर कागदावर गेली आणि हसू तिथेच राहिलं. धाकटी दुपटीने मोजायची. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, असं पुढे, प्रत्येकाला आपापला व्हॉल्व्ह, आणि जो आकडा मांडायचा त्यात लागतील तेवढे पेटवायचे. छत्तीस म्हणजे बत्तीस आणि चार. बत्तीसचा व्हॉल्व्ह मेला असेल तर उरले चार. पुन्हा चालवलं तरी चारच, कारण मेलेला व्हॉल्व्ह दर वेळी सारखाच मेलेला असतो.

आई उठली. उत्तरं छापायला नेणाऱ्या रांगेपाशी गेली, बाबांचा आरसा आत सरकवला, पेन्सिल उलटी केली, एक टिचकी मारली. शेजारचे निखारे थरथरले, तो एक मात्र काळाच राहिला. खोलीतले सगळे ओ असं म्हणाले. सकाळची तपासणी झाल्यावर तो गेला होता. आईने तो उपटला, नवा बसवला आणि अगदी कळवळून म्हणाली, "कधीपासून दुखत होतं गं? सांगायचं नाही का?"

म्हणजे हरले तरी कौतुक तिचं, जिंकले तरी कौतुक तिचं, असं थोरलीच्या मनात आलं. पण खरी मिरची पुढेच झोंबली. त्या खोलीत एक रीत होती. जो बिघाड पकडेल, मेलेला व्हॉल्व्ह त्याचा. सोल्डरकाकांच्या टेबलावर अशा व्हॉल्व्हची एक छोटीशी फौज उभी होती आणि आईच्या खिडकीत तर जागाच उरली नव्हती. आईने तो काळवंडलेला व्हॉल्व्ह रुमालाने पुसला आणि सवयीने आपल्या खिशात टाकला.

"तो माझा आहे," थोरली म्हणाली.

"टिचकी मी मारली."

"कुठे मारायची ते मी सांगितलं."

"सांगितलंस बत्तीस. जागा मी शोधली." आईने खिशावर हात ठेवला होता, मधल्या सुट्टीत रेडिओ आपल्या पेरूवर ठेवायची तसा. "इथे टिचकीला मान आहे. नियम म्हणजे नियम."

"तुझ्या एका नियमाचं आत्ताच काय झालं ते बघितलंस ना?"

सोल्डरकाका तारांच्या मागे जाऊन खोकायला लागले. आई काही ऐकेना. एवढी मोठी बाई, वर्तमानपत्रात फोटो आलेली, एका जळक्या काचेसाठी लहान मुलीसारखी अडून बसली, आणि तिच्याकडे बघता बघता थोरलीला एकदम काहीतरी विचित्र वाटलं. पोटात जळत होतं, तसंच, नेहमीसारखं. पण ते धाकटीकडे बघून जळत नव्हतं. ते आईच्या हाताकडे बघून जळत होतं. त्या पेन्सिलीकडे. अंधारात हात घालून नेमकी जागा सापडल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते थोरलीला हवं होतं. आई धाकटीला मिळाली, याचं दुःख ती इतके दिवस करत होती. धाकटी आईला मिळाली, हे तिला आज दिसलं.

रात्री जेवताना बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बत्तीस हरवले म्हणजे अख्खी बत्तीशीच गेली की, माझ्याकडे आणायचं, कवळी बसवून दिली असती. थोरली हसली. आई हसली नाही. ती कसल्यातरी विचारात होती. बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, दुपारी बातमी आली, त्या लोकांचं यंत्र चालू झालं.

ते लोक म्हणजे दूरच्या शहरातली दुसरी संस्था. त्यांनी व्हॉल्व्ह वापरलेच नव्हते. व्हॉल्व्हचंच काम करणारे वाटाण्याएवढे ट्रान्झिस्टर घेऊन, एका बाईंच्या हाताखाली, ते यंत्र बांधत होते.

"तापत नाही म्हणे," आई ताटात बोट फिरवत म्हणाली. "पंखेही लागत नाहीत. लहान आहे, एवढंसं. पण आवाज तरी येतो का त्यातून? तिथल्या बाईंना काय, सगळं आयतं मिळालं. मला असं काही मिळालं असतं तर..."

थोरलीचा घास हातातच राहिला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. धाकटीचं नाव काढलं की तिचा स्वतःचा अगदी असाच व्हायचा.

ती पाणी प्यायली, ताट सरकवून सरळ बसली.

"मी एक ठरवलंय," ती म्हणाली. "बाबा, तुम्हीही ऐका. शाळा संपली की मी शिकायला त्या लोकांकडे जाणार. आई, तुझ्या हाताखाली नाही, त्यांच्याकडे, त्या बाईंकडे. तुझ्याकडे राहिले तर सगळ्या टिचक्या तूच मारशील. मी सगळं शिकणार आणि मग माझं वेगळं यंत्र बांधणार. तू बघायला ये, मी तुला पहिल्या रांगेत खुर्ची देईन. पण हात लावू देणार नाही."