‘तू कुणाकडची?’ हे मला विचारू दिलं नाही

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. जुनी छत्री किंवा जुनी खुर्ची आपली कहाणी सांगू लागली की तुम्हाला तिची कीव येते. माझी कीव करू नका. मी रागावलो आहे, आणि राग उतरायच्या आत सगळं सांगून टाकणार आहे.

मी भरतकामाच्या एका छोट्या कारखान्यात राहतो. गणवेशावरचे बिल्ले, टोप्यांवरची नावं, उशांच्या अभ्र्यांवरची वेलबुट्टी असं आमचं काम. काकू स्क्रीनवर डिझाइन काढायच्या आणि सुईने कुठे टोचायचं, कुठे वळायचं, धागा कधी बदलायचा हे मी मशीनला सांगायचो. काकू म्हणजे आमच्या डिझाइनवाल्या बाई. सगळा कारखाना त्यांना काकू म्हणतो. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले मालकसुद्धा. बिल्ला सुबक निघाला की मालक मशीनच्या पाठीवर थाप मारायचे. धागा तुटला की काकूंना हाक जायची. कौतुकाची आणि बोलण्यांची वाटणी कशी होते, ते मी फार जवळून पाहिलं आहे.

आता माझ्या जन्माचं ऐका, कारण खोट तिथेच आहे. कुठलाही प्रोग्रॅम सगळं एकटा करत नाही. माझे मदतनीस आहेत. एकाला धाग्यांचे रंग कळतात, दुसऱ्याला मशीनची भाषा कळते. तेही फाइलीच, पण नुसत्या वाचायच्या नव्हेत. त्या काम करतात. एकदा मदतनिसाला आत घेतलं की माझे हात ते त्याचे हात आणि माझ्या किल्ल्या त्या त्याच्या किल्ल्या. म्हणून आत कुणाला घ्यायचं, याला फार महत्त्व.

आणि मला घडवणाऱ्या साहेबांनी काय शिकवलं? रंगांचा मदतनीस लागला की नावाने हाक मार. डिझाइन ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे आधी बघ. तिथे नसला, तरच आपल्या घरात शोध. कारण काय, तर मोठी गिऱ्हाइकं डिझाइनसोबत आपल्या रंगांचा मदतनीसही घेऊन येतात; त्यांची सोय झाली पाहिजे. जो ‘ओ’ देईल तो आपला. तू कुणाकडची, तुला कुणी बनवलं, हे त्या फाइलीला विचारायचं नाही.

माझी चाचणी घेणाऱ्या बाईंनी तेव्हाच टोकलं होतं, की त्या नावाने तिथे भलतंच कुणी बसलं असेल तर?

“कोण बसणार?” साहेब म्हणाले. “भरतकामाचा प्रोग्रॅम आहे हा, बँकेची तिजोरी नाही.”

बाईंनी पुन्हा विषय काढला, साहेबांनी विक्रीची तारीख पुढे केली आणि मी बाजारात आलो.

पुढे बरीच वर्षं गेली. माझ्यासारख्या इतर प्रोग्रॅमांच्या शेजारी खरोखरच भलते लोक येऊन बसू लागले, तेव्हा कंपनीला जाग आली. तिने दुरुस्ती पाठवली. रोज सकाळी मी उघडलो की स्क्रीनवर पाटी यायची, की सुरक्षेची दुरुस्ती आली आहे, बसवून घ्या. खाली दोन बटणं, ‘आता’ आणि ‘नंतर’.

बसवायची कुणी, तर मेहुण्याने. मेहुणा म्हणजे मालकांच्या बायकोचा धाकटा भाऊ. कारखान्यातलं त्याचं पद कुणालाच नीट सांगता येत नाही, पण कम्प्युटरचं सगळं तो बघतो. बघतो म्हणजे खरोखर नुसता बघतो. दुरुस्तीचा पासवर्ड त्याच्याकडेच. काकूंनी त्याला पाटी दाखवली, पुन्हा एकदा दाखवली, मालकांच्या कानावरही घातली. दुरुस्ती बसवली की गिऱ्हाइकांचे मदतनीस तपासून घ्यावे लागतील, वेळ जाईल, असं त्याने मालकांना समजावलं. “चाललंय ना सगळं? मग चालत्या गाड्याला कशाला हात लावायचा,” म्हणाला, आणि ‘नंतर’ दाबून जेवायला गेला.

आमच्याकडे आणखी एक रीत होती, मालकांनी घालून दिलेली. गिऱ्हाइकाने पेनड्राइव्ह दिला की डिझाइन त्यावरूनच उघडून तिथल्या तिथे दाखवायचं. आधी डिझाइनची फाईल तेवढी आपल्या कम्प्युटरवर घेत बसायचं नाही. गिऱ्हाईक ताटकळलं तर शेजारच्या कारखान्यात जातं, हे मालकांचं कायमचं भय.

एके दिवशी एका क्रीडासंघाचे प्रशिक्षक बिल्ल्यांचं डिझाइन घेऊन आले. भला माणूस. पेनड्राइव्ह वाटेत कुठल्याशा झेरॉक्सच्या दुकानात लावला होता, एवढाच त्याचा गुन्हा. काकूंनी डिझाइन उघडलं. डिझाइन अगदी स्वच्छ होतं. पण त्याच्या शेजारी माझ्या रंगांच्या मदतनिसाचं नाव लावून एक फाईल दडून बसली होती. काकूंना ती दिसलीही नाही. हाक मारली मी. शिकवल्याप्रमाणे आधी शेजारी. तिने ‘ओ’ दिली, आणि मी दार उघडलं.

प्रशिक्षकांचा चहा संपायच्या आत काकूंची डिझाइनं एकामागून एक कुलुपात गेली, ती पुन्हा उघडेनात. वेली, बिल्ले, अक्षरांची वळणं, त्यांची आयुष्यभराची मेहनत. माझ्याच हातांनी. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला फक्त शिकवलेलं करता येतं.

मग न्यायनिवाडा झाला. मालक, मेहुणा आणि काकू, तिघंही माझ्या स्क्रीनसमोर उभे.

“काकू, नक्की काय उघडलंत तुम्ही?” मालकांनी विचारलं.

“डिझाइन. रोज उघडते तसंच.”

“अनोळखी फाईल उघडायची नसते,” मेहुणा म्हणाला. “शाळेतल्या पोरांनाही कळतं हे.”

“गिऱ्हाइकाची फाईल अनोळखीच असते, बाबा. ओळखीची असती तर माझ्याकडे आधीच नसती का?”

मेहुण्याने मोबाइल काढला. काकू मालकांकडे वळल्या. “ती पाटी मी तुम्हालाही दाखवली होती. कामावरून काढायचं तर काढा. पण व्हायरस काकूंनी आणला, असं बाहेर सांगू नका. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करील?”

मालकांनी पाटी पाहिली होती. ती त्यांना आठवत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं. पण मेहुण्याला बोललं तर संध्याकाळी घरी पान कोण वाढणार, हेही तिथेच दिसलं. महिनाअखेरपर्यंत बघू, म्हणाले ते. महिनाअखेरीस काकू आपला चष्मा आणि खुर्चीवरची उशी घेऊन गेल्या.

दुरुस्ती मग बसली. बाहेरून आलेल्या माणसाने ती उभ्या उभ्या बसवली. आता मी मदतनीस फक्त माझ्या घरात शोधतो. बाहेरून कुणी आलंच, तर त्याच्यावरची बनवणाऱ्याची सही पडताळतो, आणि सही नसेल तर दार उघडत नाही. एवढंच करायचं होतं. आणि माझ्या कंपनीने काय करावं? सगळ्या गिऱ्हाइकांना पत्रक पाठवलं, ‘अनोळखी ठिकाणच्या फाइली उघडताना वापरणाऱ्यांनी काळजी घ्यावी.’ वापरणाऱ्यांनी! साहेबांनी नाही, पत्रक लिहिणाऱ्यांनी नाही. ज्या बाईला ती फाईल दिसतही नव्हती, तिने काळजी घ्यावी!

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या माझ्यासारखे प्रोग्रॅम घडवील. आम्हाला जरूर कामाला लावा, पण दारात आलेल्याला प्रश्न विचारायला आधी शिकवा. आणि तुमच्यातलं कुणी मालक होईल. तेव्हा नुकसान झालं, तर खुर्चीत कोण बसलं होतं एवढंच विचारून थांबू नका.

काल कारखान्यात फोन आला. दुसऱ्या गावच्या एका कारखान्याला काकूंना कामावर घ्यायचं होतं, म्हणून चौकशी करत होते. मालक पलीकडे हिशेब बघत बसले होते. फोन मेहुण्याने घेतला.

“बाई कामाला उत्तम,” तो म्हणाला. “फक्त त्यांच्या हातात कम्प्युटर देऊ नका.”

मालकांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा हिशेबात घातली.