गाऱ्हाणं ऐकणारा

देवाला गाऱ्हाणं घालायचं ते मोकळ्या तोंडानं आणि पत्त्यासकट, ही बकुळाच्या सासरची रीत. मनातल्या मनात पुटपुटलं की माणूस लबाडी करतो, असं तिची सासू म्हणायची. म्हणून रोज तिन्हीसांजेला, मासळीबाजारातून आल्यावर पाय धुऊन ती देव्हाऱ्यासमोर उभी राहायची आणि खणखणीत सांगायची, "बा देवा म्हाराजा, माझी लेक निशिगंधा चिपळूण तालुक्यात, अलोऱ्याच्या कॉलनीत, मैत्रिणीकडं, ईशाकडं हाय. नवऱ्यानं हात मोडला तिचा. त्याची सावली तिच्यावर पडू देऊ नको. पाच नारळांचं तोरण बांधीन."

हा पत्ता तिनं मुंबईतल्या मुलालाही, सर्वेशलाही, दिला नव्हता. पोरगा सोन्यासारखा, पण मेल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

शनिवारी सकाळी जावयाचा फोन आला. दोन महिने गप्प होता हा अजिंक्य. आवाज मात्र साखरेत घोळलेला.

"आई, बऱ्या आहात ना? उद्या मुंबईहून चिपळूणकडे येतोय. येताना नारळ आणू का पाच? तोरणाला लागतील तुम्हाला."

"कसलं तोरण?"

"असंच हो," म्हणून तो हसला आणि फोन ठेवला.

बकुळा देव्हाऱ्यासमोर जाऊन बसली. नवस बोलली होती ती घरात एकटी असताना, दार लोटून. मग ह्याला सांगितलं कोणी? खोटं कशाला बोला, पहिला संशय तिला देवाचाच आला. चाळीस वर्षं फुलं वाहिली ती ह्याकरता, असं म्हणत ती देव्हाऱ्याचं दार लावायला उठली, आणि तेव्हा पाठीमागं बारीक कुर्रर्र झालं.

दारावरच्या कोपऱ्यात पेरूएवढा पांढरा कॅमेरा होता. 'आई एकट्या असतात' म्हणून अजिंक्यनंच गेल्या गणपतीत हौसेनं बसवलेला. त्याचं डोकं तिच्याकडं वळलं होतं. ती सावकाश चुलीकडं गेली. पुन्हा कुर्रर्र. डोकं तिच्या मागोमाग आलं.

ती टोपली घेऊन बाजाराला निघाल्यासारखी बाहेर पडली, जेटीवर पार टोकाला गेली आणि सर्वेशला फोन लावला.

"कॅमेऱ्यातलं तू बघतोस काय रे?"

"छे गो. वेळ कुठं आहे?"

"मग तो फिरवतो कोण?"

"आपोआप फिरतो. नाहीतर ज्याच्या नंबरावर खातं आहे तो फिरवतो. भावोजींच्या नंबरावर आहे ना."

"बोललेलं ऐकू जातं?"

"जातं की. कंपनीकडं साठवून पण ठेवतात सगळं, क्लाऊडमध्ये. महिनाभर मागचं काढून ऐकता येतं. का गो?"

"काय नाय. जेव वेळेवर."

महिनाभर. म्हणजे तीस तिन्हीसांजा तिनं स्वतःच्या तोंडानं पोरीचा पत्ता दिला होता, तालुक्यासकट. बकुळानं आपल्याच तोंडावर एक चापट मारून घेतली. कॅमेरा उपटून समुद्रात फेकायला हात शिवशिवत होते. पण उपटला की म्हातारीला कळलंय हे त्याला समजणार. मग तो उद्याची वाट कशाला बघेल? आजच निघेल.

तिनं निशिगंधाला फोन केला. "आत्ताच्या आत्ता नीघ. मिळेल ती एसटी धर. ईशालाही म्हणावं, कुलूप लाव आणि माहेरी जा. त्याला पत्ता लागलाय."

पलीकडं पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. मग निशिगंधा म्हणाली, "एक जागा हाय आई. तिकडं—"

"सांगू नको." बकुळाचा आवाज फाटला. "मला सांगू नको गो बाय. मला ठाऊक असलं की मी देवाला सांगणार. पोचलीस तरी फोन करू नको."

लेक रडायला लागली. बकुळानंच फोन बंद केला, आणि मग जेटीवर बसून ती पोटभर रडली.

तिन्हीसांजेला तिनं नेहमीसारखी समई लावली. अलोऱ्याचंच नाव घ्यायचं, म्हणजे तो उद्या रिकाम्या खोलीवर जाईल, असं ठरवून ती उभी राहिली. पण देवापुढं खोटं बोलायला जीभ उचलेना. ती एवढंच म्हणाली, "बा देवा म्हाराजा, निशिगंधा असेल तिथं तिला सांभाळ."

गावच्या देवळात गाऱ्हाण्याला जमलेली माणसं होकार देतात. घरात होकार द्यायला कोणी नव्हतं. तरी तो आला, दारावरच्या कोपऱ्यातून, हळू आवाजात.

"व्हय म्हाराजा."



"आई," कॅमेऱ्यातून अजिंक्य म्हणाला, "आज गाव सांगायचं राहिलं."

ती वळली.  आपली पोर कुठं आहे, जेवली की नाही, हे आता आपल्याला कळणार नाही, ह्या विचारानं आतून तुटत होतं. तरी तिनं त्या काळ्या भिंगात सरळ बघितलं.

"मलाच ठाऊक नाय, अजिंक्यराव. ज्याला ठाऊक हाय, त्याला विचारा." आणि ती देव्हाऱ्यासमोरून बाजूला झाली.

 मग कुर्रर्र करत ते डोकं तिच्यावरून सरकलं आणि देवाकडं वळून थांबलं.